35,000 फुटांवर ऐकायचं कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा होता: पुण्याहून दिल्लीला जाताना समोरून येणारं दुसरं विमान आपल्या खालून सर्रकन गेलेलं खिडकीतून दिसलं आणि छातीत धस्स झालं. पायलटला ते माहीत होतं का? हल्ली प्रत्येक विमानात टक्कर टाळणारं यंत्र असतं म्हणतात, मग जमिनीवरून विमानांना वाट दाखवणारा कंट्रोलर कशाला लागतो? आणि जाता जाता, मुलगी बीएस्सीला आहे, तिला या लायनीत पाठवावं का?

मी स्वतः कंट्रोलर. 1985 ला अलाहाबादच्या ट्रेनिंग कॉलेजात गेलो आणि 2019 ला निवृत्त झालो. मधली बरीचशी वर्षं मुंबईच्या रडारसमोर गेली. आता पार्ल्यात राहतो, म्हणजे विमानांनी काही पाठ सोडलेली नाही. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तुमचं विमान. पुण्याहून दिल्ली म्हणजे उत्तर, किंचित पूर्वेकडे कललेली. होकायंत्रावर 0 ते 179 अंशांच्या दिशेने जाणाऱ्यांना विषम हजार मिळतात: 33,000, 35,000, 37,000 फूट. उलट दिशेने येणाऱ्यांना सम: 34,000, 36,000. तुम्ही बहुधा 35,000 वर होतात आणि दिल्लीहून दक्षिणेकडे निघालेलं ते विमान 34,000 वर. मधलं अंतर 1,000 फूट, म्हणजे साधारण 300 मीटर. दोघांचे वेग एकमेकांच्या विरुद्ध असल्याने बेरीज होते, ताशी 1,700-1,800 किलोमीटर, सेकंदाला जवळजवळ अर्धा किलोमीटर. दहा किलोमीटरवर ठिपका असतो, वीस सेकंदांत तो खालून निघून गेलेला असतो. त्यामुळे ते ‘सर्रकन’ वाटलं. पायलटला माहीत होतं, कंट्रोलरला माहीत होतं, आणि दोघांनाही त्यात विशेष काही वाटलं नसणार.

हे 1,000 फूट पूर्वी 2,000 होते बरं का. 29,000 फुटांच्या वर हवा इतकी विरळ की दाबावर चालणारा उंचीमापक तिथे थोडा फसवा होतो, म्हणून दुप्पट जागा सोडायची पद्धत होती. उंचीमापक सुधारले, उंची धरून ठेवणारे ऑटोपायलट सुधारले, आणि आपल्याकडे 27 नोव्हेंबर 2003 पासून वरही 1,000 फूट लागू झाले. त्या रात्री आमच्याकडे सगळे ज्येष्ठ लोक ड्युटीवर होते. एका रात्रीत आकाशात सहा नवे मजले चढले.

अचूकतेची एक गंमत सांगतो, कारण ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. पूर्वी विमानं मार्गाच्या मध्यरेषेपासून एखादा-दुसरा मैल इकडेतिकडे असायची. जीपीएस आल्यावर ती रेषेवर अक्षरशः सुईत ओवल्यासारखी जायला लागली. म्हणजे उंचीत चूक झाली तर पूर्वी दोघं एकमेकांच्या बाजूने निघून जायची शक्यता होती, आता नाकासमोर नाक. 2006 च्या सप्टेंबरात ब्राझीलमध्ये हेच झालं. एक बोइंग आणि एक छोटं बिझनेस जेट, दोन्ही 37,000 फुटांवर, एकाच मार्गावर, विरुद्ध दिशांना. छोट्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आपली ओळख आणि उंची कळवणारं उपकरण, बंद पडलेला होता, म्हणून टक्कर टाळणारं यंत्र गप्प राहिलं. बोइंगमधले सगळे 154 जण गेले, छोटं विमान मात्र उतरलं. म्हणून आता समुद्रावरच्या मार्गांवर, आपल्या अरबी समुद्रावरसुद्धा, पायलट मुद्दाम मध्यरेषेच्या उजवीकडे एक किंवा दोन मैल सरकून चालतात. यंत्र अचूक केलं आणि मग माणसाला सांगितलं, जरा चुकून चाल.

आता यंत्राकडे येतो, पण त्याआधी 12 नोव्हेंबर 1996 ची संध्याकाळ सांगायला हवी.

त्या संध्याकाळी मी मुंबईत ड्युटीवर होतो. दिल्लीहून सौदीचं जम्बो, बोइंग 747, धाहरानला निघालं होतं. कझाकस्तानचं इल्यूशिन 76 शिमकेंतहून दिल्लीला येत होतं. दिल्लीच्या पश्चिमेला नागरी विमानांना येण्याजाण्यासाठी तेव्हा एकच पट्टा होता, आजूबाजूचं बरंच आकाश हवाई दलाकडे. म्हणजे जाणारा आणि येणारा एकाच रस्त्यावर, फक्त मजले वेगळे. जम्बोला 14,000 फूट, इल्यूशिनला 15,000. कंट्रोलरने इल्यूशिनला सांगितलंही होतं की समोरून जम्बो येतंय, इतक्या मैलांवर आहे, 14,000 वर आहे, दिसलं की कळव.

इथे थोडं थांबा आणि त्या कंट्रोलरच्या खुर्चीत बसून बघा. दिल्लीला तेव्हा प्राथमिक रडार होतं. ते फक्त ठिपका दाखवतं, विमान कुठे आहे ते. किती उंचीवर आहे, ते नाही. उंची पायलट तोंडी सांगेल ती खरी. दोन ठिपके एकमेकांकडे सरकतात, एकमेकांत मिसळतात आणि पलीकडून वेगळे होतात: रोज हेच दिसायचं. सुरक्षित पास झालेली विमानं आणि धडकणारी विमानं, पडद्यावर मिसळेपर्यंत अगदी एकसारखी. फरक कळतो तो नंतर, पलीकडून ठिपके बाहेर येत नाहीत तेव्हा.

इल्यूशिन 15,000 वर थांबलं नाही, खाली येत राहिलं. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा असायचा आणि त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. पायलटांच्या खांद्यांवरून डोकावून बघावं लागे. कंट्रोलरशी बोलणारा एक, विमान हाकणारा दुसरा. चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमानं कोसळली. 349 माणसं, एकही वाचलं नाही. हवेतल्या टकरींमध्ये इतकी माणसं ना आधी गेली, ना नंतर.

न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीने दोष ठेवला तो दिलेली उंची सोडण्यावर. पण सुधारणा झाल्या त्या सगळीकडे: येण्याजाण्याचे रस्ते वेगळे केले, उंची दाखवणारी दुय्यम रडारं बसली, आणि आपल्या आकाशात येणाऱ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. अमेरिकेत ते थोडं आधीच आलं होतं. त्या दोन विमानांत मात्र नव्हतं.

हे यंत्र म्हणजे टीकॅस. ते काम कसं करतं ते सोपं आहे. तुमच्या विमानातलं टीकॅस आजूबाजूच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला सारखं विचारत असतं, कोण आहे, किती उंचीवर आहे? उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं, उंची उत्तरातच असते. त्यातून ते मैल नाही, सेकंद मोजतं: आहे त्याच वेगाने गेलो तर गाठ पडायला किती सेकंद उरलेत. साधारण चाळीसेक सेकंद उरले की बाई बोलते, “ट्रॅफिक, ट्रॅफिक”. म्हणजे बघा, तयार राहा, पण काही करू नका. पंचवीस-तीस सेकंदांवर आलं की हुकूम: “क्लाइम्ब, क्लाइम्ब” किंवा “डिसेंड, डिसेंड”. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसात ठरवून घेतात, एक वर गेलं की दुसऱ्याने खाली. पायलटला पाच सेकंदांत हालचाल करावी लागते. धोका टळला की “क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट”.

वर-खाली एवढंच, डावी-उजवी नाही. कारण त्याच्या अँटेनाला दिशा तितकी नेमकी कळत नाही, उंची कळते.

आणि ते कधीकधी उगाचही ओरडतं. एक विमान 15,000 वर स्थिर, दुसरं खालून 14,000 पर्यंत चढतंय, पण रॉकेटसारखं चढतंय. ते 14,000 वर थांबणार आहे हे कंट्रोलरला माहीत, पायलटला माहीत. टीकॅसला माहीत नाही, त्याला फक्त वेग दिसतो. ते ओरडणार. म्हणून शेवटच्या हजार फुटांत चढण्या-उतरण्याचा वेग मिनिटाला 1,500 फुटांच्या खाली आणा, असं पायलटांना सांगितलेलं असतं. सगळे पाळतात असं म्हणवत नाही.

मग यंत्र एवढं शहाणं आहे तर कंट्रोलर कशाला, हा तुमचा प्रश्न. मला वाटतं प्रश्न असा नाहीच. माणूस की यंत्र, हे भांडण बाहेरच्यांचं. आत बसलेल्यांना एकच गोष्ट पक्की ठाऊक लागते: या क्षणी शब्द कोणाचा चालतो. ती एक गोष्ट संदिग्ध राहिली तर काय होतं, ते युबरलिंगेनला दिसलं.

1 जुलै 2002, रात्रीचे साडेअकरा. जर्मनीच्या दक्षिण टोकाचं आकाश, पण सांभाळायला झुरिचचा कंट्रोलर. दोघांच्या जागी एकटा, दुसरा विश्रांतीला गेलेला. देखभालीमुळे मुख्य टेलिफोन बंद, आणि टक्कर होऊ घातली की पडद्यावर इशारा देणारी सोयही बंद. एक रशियन टुपोलेव्ह, त्यात बहुतेक सहलीला निघालेली शाळकरी मुलं. एक मालवाहू बोइंग 757. दोन्ही 36,000 फुटांवर. शेजारच्या केंद्रातल्या कंट्रोलरांना ते दिसलं, ते झुरिचला फोन लावत राहिले, फोन लागेना. झुरिचच्या माणसाच्या उशिरा लक्षात आलं आणि त्याने टुपोलेव्हला खाली यायला सांगितलं. काही सेकंदांत टुपोलेव्हमधलं टीकॅस म्हणालं, वर जा. बोइंगमधलं म्हणालं, खाली जा. बोइंगच्या पायलटांनी यंत्राचं ऐकलं. टुपोलेव्हच्या पायलटांनी माणसाचं ऐकलं. दोघंही खाली आली. 71 जण गेले.

यात मला सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? याची रंगीत तालीम आधीच झाली होती. 17 महिने आधी, 31 जानेवारी 2001 ला, जपानच्या आकाशात एकाच कंपनीच्या दोन मोठ्या विमानांमध्ये नेमकं हेच घडलं. शिकाऊ कंट्रोलरने 958 नंबरच्या विमानाऐवजी 907 ला खाली यायला सांगितलं. 907 च्या टीकॅसने वर जा म्हटलं, पायलटने कंट्रोलरचं ऐकलं. दोन विमानांत मिळून 677 माणसं होती. पायलटने शेवटच्या क्षणी डोळ्यांनी बघून नाक खाली दाबलं म्हणून वाचली, आतली शंभरेक माणसं छताला आपटून जखमी झाली. त्याच वेळी जगभर नियम लख्ख झाला असता तर?

युबरलिंगेननंतर झाला. टीकॅसने हुकूम दिला की पायलटने तोच पाळायचा, कंट्रोलर काहीही म्हणो. पायलट आम्हाला रेडिओवर “टीकॅस आरए” एवढंच सांगतो, आरए म्हणजे यंत्राचा तो हुकूम. त्यानंतर कंट्रोलरने त्याला दिशा-उंची काही द्यायची नाही, “रॉजर” म्हणायचं आणि बसायचं. क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट ऐकू येईपर्यंत. नोकरीत हे सगळ्यात कठीण. सगळी वर्षं बोलायला शिकवलेलं असतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात तोंड बंद ठेवायचं.

यंत्राचीही भाषा बदलली. पूर्वी ते एका प्रसंगी म्हणायचं, “ॲडजस्ट व्हर्टिकल स्पीड, ॲडजस्ट”. म्हणजे चढण्या-उतरण्याचा वेग कमी कर. पण घाबरलेल्या माणसाला ‘ॲडजस्ट’ म्हणजे कमी की जास्त? काही पायलटांनी उलटंच केलं. नव्या आवृत्तीत ते सरळ म्हणतं, “लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ”. आहेस तिथे थांब.

त्या झुरिचच्या कंट्रोलरचं पुढे काय झालं? 2004 मध्ये, अपघातात बायको आणि मुलं गमावलेल्या एका माणसाने त्याच्या घरी जाऊन त्याचा खून केला. आमच्या कंट्रोल रूममध्ये ती बातमी आली तेव्हा कितीतरी वेळ कोणी काही बोललं नाही.

आणि टीकॅस जिथे मुकं होतं ती जागा म्हणजे जमिनीजवळची. जमिनीपासून सुमारे 1,000 फुटांच्या खाली ते वर-खालीचे हुकूम देत नाही, कारण “डिसेंड” म्हणून विमान जमिनीत घालायचं का? 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनला उतरणारं प्रवासी जेट आणि लष्कराचं हेलिकॉप्टर साधारण 300 फुटांवर धडकली, 67 जण गेले. जेटमधल्या यंत्राने वीसेक सेकंद आधी “ट्रॅफिक, ट्रॅफिक” म्हटलं होतं. त्याहून जास्त त्या उंचीवर त्याला बोलायचीच मुभा नव्हती. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदाला धावपट्टीवर थांबलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर एअरबस उतरली. एअरबसमधले सगळे 379 जण बाहेर पडले, छोट्या विमानातले पाच गेले. आपल्या मुंबईत 8 जून 2024 ला एक विमान उडता उडता त्याच धावपट्टीवर मागून दुसरं टेकलं. काही झालं नाही, पण व्हिडिओ बघून माझ्या पोटात गोळा आला.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना कापतात, त्यामुळे कामापुरती एकच. तासाला 46 विमानं, म्हणजे 78 सेकंदांना एक. तिथे सेकंदांचा हिशेब कंट्रोलरचाच असतो. पुढचं जड विमान असेल तर त्याच्या पंखांमागचा भोवरा विरायला वेळ द्यायचा, नाहीतर मागचं हलकं विमान त्यात गरगरतं. जास्त वेळ दिला तर मागे आकाशात रांग लागते.

यात कंट्रोलरचं खरं हत्यार रडार नाही. रीडबॅक. मी सांगितलेलं पायलटने शब्दशः परत म्हणायचं, आणि मी ते ऐकायचं. ऐकायचं, हे महत्त्वाचं. माझी स्वतःची गोष्ट सांगतो, निवृत्त झालोय, आता लपवून काय करू.

नव्वदच्या दशकाचा शेवट, पावसाळ्यातली रात्र, सगळे ढग टाळायला इकडेतिकडे पांगलेले. एकाच कंपनीची दोन विमानं माझ्याकडे, एक ‘नाइन वन फोर’, एक ‘नाइन फोर वन’. मी वन फोरला 11,000 फुटांवर उतरायला सांगितलं. रीडबॅक आला: 11,000, बरोबर. मी स्ट्रिपवर, म्हणजे विमानाचा नंबर आणि उंची लिहिलेल्या पट्टीवर, खूण केली आणि पुढच्याकडे वळलो. रीडबॅक दिला होता फोर वनने. उंचीचा आकडा बरोबर होता म्हणून माझ्या कानाने बाकीचं स्वतःच भरून घेतलं. मला अपेक्षित होतं तेच मी ऐकलं. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने पेनाने माझ्या हातावर टोचलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. फोर वनच्या लेबलमध्ये उंची कमी होत होती, आणि त्याच्याखाली एक तिसरंच विमान होतं. मी त्याला उजवीकडे वळवलं, तिसऱ्याला डावीकडे. पाच मैल हवे होते, साडेतीनच राहिले. चौकशी झाली, मला खुर्चीवरून उतरवलं, परत ट्रेनिंग झालं. योग्यच झालं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी रीडबॅक ऐकताना स्ट्रिपवर आधी विमानाच्या नंबरावर पेन ठेवायचो, मग उंचीवर.

तुमच्या मनात येईल की हे सगळं कम्प्युटर करू शकेल. थोडं करतोही. आता पायलटने ऑटोपायलटमध्ये निवडलेली उंची रडारवर आम्हाला दिसू शकते, म्हणजे त्याने चुकीचं ऐकलं तर विमान हलायच्या आधीच कळतं. त्या रात्री ते असतं तर माझी चौकशी टळली असती. पण यंत्रं झोपतातही. 7 नोव्हेंबर 2025 ला दिल्लीत फ्लाइट प्लॅनचे संदेश पोहोचवणारी यंत्रणा बसली, शेकडो विमानांना उशीर झाला. कंट्रोलरांनी ते काम हाताने केलं. लोक विमानतळावर चिडले, साहजिक आहे. विमानं मात्र सुरक्षित उडत राहिली, फक्त कमी.

आता मुलीचं. बीएस्सीला फिजिक्स आणि गणित दोन्ही असतील तर ती एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या ज्युनियर एक्झिक्युटिव्ह परीक्षेला बसू शकते, वयोमर्यादा साधारण 27 आहे. इंजिनियरिंगवालेही बसतात, स्पर्धा तगडी आहे. निवड झाली तर ट्रेनिंग प्रयागराजला, म्हणजे आमच्या अलाहाबादलाच, हैदराबादला, किंवा गोंदियालाही होऊ शकतं. सणवार, रात्रपाळी, बदल्या, हे सगळं गृहीत धरा. गोव्याचं दाभोळी नौदलाचं आणि पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, तिथे विमानाशी बोलणारे त्यांचेच लोक असतात. त्यामुळे घराजवळ पोस्टिंग मिळेल म्हणून येऊ नका.

ती चालेल का, हे घरीच बघता येतं. जेवताना तिला दोन फोन नंबर सांगा, आकडे थोडेसे उलटसुलट असलेले. टीव्ही चालू असू दे, मध्ये कोणीतरी मीठ मागू दे. मग एक नंबर तुम्ही स्वतः तिला परत म्हणून दाखवा, मुद्दाम एक आकडा चुकवून. मीठ देता देता तिने तुम्हाला अडवलं तर फॉर्म भरा.